बुधामावशीचे पाहुणे

माघात बोर नदीकाठच्या रानात पाऊल टाकले की सागाचे वाळके पान पापडासारखे मोडते आणि सारे अरण्य तुमची चाहूल घेते. बुधामावशी चालायची तेव्हा मात्र काहीच वाजत नसे. आधी टाच, मग बोटे, अशी ती अनवाणी सरके, आणि तिरप्या उन्हात तिचे हिरवे लुगडे क्षणभर उजळून पुन्हा पानांत विरून जाई. रानालगतच्या हिंगणी गावात तेव्हा आमचे किराणा दुकान होते. चारोळी, डिंक, मोहफुले घेऊन येणारी ही गोंड बाई आईची मैत्रीण झाली आणि आपसूक माझी मावशी.

झाडाला हात लावण्याआधी ती खोडावर तळवा टेकवून थांबे. झाडांची नाती ती माणसांच्या नात्यांइतकी चोख सांगे: हा थोरला, ही त्याची सून, हा रुसका जावई. मला हसू फुटे. "हास, हास," ती म्हणे, "तुह्या सासरी तरी इतके सोयरे हायेत का?"

या गोतावळ्याचा मूळपुरुष एक जुनाट ऐन होता. त्याच्यात गोंडांचा बडादेव. हंगामाचे पहिले जे काही, दाणा असो की फूल, आधी त्याच्या मुळाशी ठेवायचे, मगच तोंडात घालायचे. आणि वस्तीत पाहुणा आला की त्यालाही घरात नेण्याआधी तिथेच न्यायचे, अशी रीत.

गेल्या हिवाळ्यात पाहुणे आले. लाकडाच्या ठेकेदाराची माणसे ती, पण "झाडे मोजायला आलो" एवढेच म्हणाली, आणि ते खोटेही नव्हते. मावशीने पाणी दिले, गूळ दिला, रीतीप्रमाणे त्यांना ऐनापाशी नेले, आणि मग अभिमानाने सगळे गोत दाखवीत सुटली. प्रत्येक खोडावर तळवा ठेवून ती ओळख करून देत होती आणि मागून एक जण प्रत्येकावर रंगाचा ठिपका देत होता. मोजणीत चूक होऊ नये म्हणून असेल, असे तिला वाटले.

मग मशीनच्या करवती आल्या.

मी पिपरी मेघेतल्या माझ्या भाड्याच्या घरून पोचले तेव्हा, जिथे भरदुपारीही ऊन चाळून येई, तिथे ते पोते फाटल्यासारखे भसाभस सांडले होते. मोहाची झाडे तेवढी सोडली होती. ऐनाच्या तोडलेल्या बुंध्याशी मावशी बसली होती.

"मीच दाखोलं वं बाई," ती म्हणाली. "मोजून राह्यले म्हंजे राखतीन, असं वाटलं मले. पाहुण्याले कोन पुसते, काऊन आला म्हून?"

मला संताप आला. त्या माणसांचा आला, आणि खरे सांगायचे तर तिच्या भाबडेपणाचाही. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हटले, "दुसऱ्या ऐनाखाली मांड ना देव."

"भाड्यानं राह्यते का देव, तुह्यासारखा?" ती हसली. ते हसू मला पाहवले नाही.

आता चैत्र आहे. पहाटेपासून मोह टपटपतो, जमीन पिवळी होते, गुरे येऊन फुले खातात, आणि मावशी ओच्यात एकही फूल घेत नाही. देवाला दिल्यावाचून खायचे नाही, आणि द्यायला देवाची जागा उरलेली नाही. मी ज्वारी घेऊन गेले. यंदाच्या पिकाची म्हणून तिने तीही हलकेच बाजूला सारली.

"मंग का खाशीन मावशी?" माझ्या तोंडून तिचीच बोली निघाली.

"मांगच्या सालचं हाय न."

मागच्या सालचे होळीआधीच संपले आहे, हे तिच्या घरातली उपडी भांडीच सांगत होती. काळ सगळ्यांना पुढे नेतो म्हणतात. पण ज्याच्यापुढे नव्याचा पहिला घास ठेवायचा तोच नाहीसा झाला, की काळ एकटाच पुढे जातो आणि माणूस मागच्या सालात, आठवणीच्या रिकाम्या ताटापुढे, उपाशी बसून राहते.