पाचव्या खुर्चीवरची पोर

मी एक जुनी खुर्ची आहे, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका स्वयंपाकघरातली पाचवी. पहिल्या चार दुकानातून एकत्र आल्या, एका रंगाच्या आणि एका तोंडवळ्याच्या. मला घरमालक ड्वेनच्या वडिलांनी गोठ्याच्या मोडक्या दारातून घडवलं. एक पाय किंचित आखूड राहिला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, मग तळघरात ठेवलं आणि माझ्यावर धुतलेले कपडे रचले. कौतुक झालेल्यांचं बहुधा असंच होतं.

पाहुणा आला की मला वर आणत. मित्रांनो, खुर्चीला माणूस बसण्यावरून कळतो. घरचा पाठ टेकतो, पाहुणा काठावर बसतो.

ऑगस्टमध्ये तेओना आली. जॉर्जिया देशातली शाळकरी मुलगी, इथल्या शाळेत एक वर्ष शिकायला आणि ड्वेन आणि त्याची बायको मार्लिस यांच्या घरी राहायला. ती काठावर बसली. ताट संपलं तसं मार्लिसने विचारलं, "आणखी घेतेस?"

"नको, थँक्यू."

मार्लिसने भांड्यावर झाकण ठेवलं. तेओना जरा वेळ तशीच बसून राहिली, मग उठली.

रोज हेच. मक्याची शेतं कापून रिकामी झाली, माझ्यावरचं वजन उतरत गेलं. आईने फोनवर विचारलं की ती म्हणे, "बरं चाललंय." शाळेतल्या जेवणात दालचिनीचा गोड रोल मिळे. तो ती कागदात गुंडाळून आणी आणि गृहपाठ करता करता खाई. ना चेहऱ्यावर गोडी, ना डोळ्यांत पाणी. मी लाकडाची, पण बसायची तीही तशीच.

मार्लिसला ते रोलचे कण दिसले. "शाळेतलं चालतं, माझ्या हातचं चालत नाही," ती ड्वेनला म्हणाली.

"मी इतकी वर्षं गिळतोय," ड्वेन म्हणाला. "तक्रार केली का कधी?"

मार्लिस हसली नाही. तिने तेओनाला इथे पाठवणाऱ्या संस्थेच्या बाईंना फोन केला. नाताळची सुट्टी संपली की तेओनाने दुसऱ्या घरी जायचं ठरलं. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ठीक आहे."

जायच्या आदल्या संध्याकाळी, बॅग दाराशी असताना, तिने निरोपाचं म्हणून तिच्या देशातली खाचापुरी केली, चीज भरलेली जाड रोटी. ड्वेनने दोन तुकडे खाल्ले.

"आणखी?"

"नको गं, पोट भरलं."

तिने आणखी एक वाढला. त्याने तो कसाबसा संपवला. "आता नको."

तिने परत वाढला.

"पोरी, नको म्हणालो ना? बैलाला तरी विचारून चारतात."

"तुम्ही दोनदाच म्हणालात," तेओना म्हणाली.

मार्लिसचा काटा ताटातच राहिला. "तुमच्याकडे किती वेळा म्हणतात?"

"पहिलं नको म्हणजे रीत. दुसरंही रीतच. तिसरं खरं."

"मग ऑगस्टपासून तू मला..."

"पहिलंच म्हणत होते." तेओना ताटाकडे बघत होती. "मला वाटलं, तुम्हांला मी जास्त खाल्लेलं आवडत नाही."

मग मार्लिसने दुपारचं उरलेलं चिली, राजमा-खिम्याचं, गरम केलं.

"घेतेस?"

"नको."

"घेतेस का?"

"नको."

मार्लिसने तिसऱ्यांदा विचारलंच नाही, ताट भरलं. तेओना सावकाश जेवली. हसली नाही, रडली नाही. पण जेवण झाल्यावर तिने माझ्यावर पाठ टेकली. माझा आखूड पाय पहिल्यांदाच जमिनीला नीट लागला. ड्वेनने उठून दाराशी ठेवलेली बॅग परत वर तिच्या खोलीत नेली. "काय दगड भरलेत हिच्यात?" एवढंच म्हणाला.

जूनमध्ये ती मायदेशी गेली. मी परत तळघरात आले, परत कपड्यांखाली. मित्रांनो, मला रंग नको, पॉलिश नको. माझ्यावर कुणाला बसवाल तेव्हा एकदा विचारून झाकण ठेवू नका, एवढंच मागणं.

वर मार्लिस आता सगळ्यांना तीनदा विचारते. ड्वेनची दुकानातून आणलेली खुर्ची हल्ली फार करकरते. मला खालपर्यंत ऐकू येतं.