सात सुरांची हाक

मित्रांनो, मी खासी डोंगरातला एक जुना दुइतारा आहे. नावात दोन असले तरी मला तारा चार आहेत. माझा धनी वानफ्रांग आणि मी गेली एकोणीस वर्षे लोकांना हे समजावून सांगत आहोत. आता आम्हा दोघांनाही त्याचा कंटाळा आला आहे.

फणसाच्या एका अखंड ओंडक्यातून मला कोरले. पोटावर कातडे ताणले आणि मुगा रेशमाच्या तारा चढवल्या. हवा ओली झाली की कातडे सैल पडते आणि माझा सूर उतरतो. आमच्याकडे वर्षातले सात महिने हवा ओलीच असते. म्हणून वानफ्रांग मला चुलीजवळच्या खुंटीला टांगतो. ते घर त्याच्या बायकोचे, थेइलिनचे आहे. लग्नानंतर तो रीतीप्रमाणे तिथे राहायला गेला. त्या घरात शब्द चालतो तो थेइलिनच्या मामांचा.

मामा दर रविवारी सुपारी कातरत विचारत, "काय जावईबापू, सध्या काम काय?"

"वाजवतो, मामा."

"ते कळलं. पण काम काय?"

वानफ्रांग हसून सोडून देई. मला सोडता येत नसे. शिलाँगच्या एका हॉटेलात एका बाजूने गार वारा सोडणारे यंत्र आणि दुसऱ्या बाजूला वाफाळती पातेली, अशा जागी आम्हाला बसवत. दर दहा मिनिटांनी माझा सूर सरके, आणि वानफ्रांग तो पुन्हा जुळवू लागला की समोरून आवाज येई, "अहो, हे जुळवणं पुरे, आता एखादं हिंदी होऊ द्या!" मेळ्यांत लोक आमच्या शेजारी उभे राहून छायाचित्रे काढत. "किती गोड आहे हो!" म्हणत, आणि गाणे अर्ध्यावर असताना निघून जात.

गेल्या वर्षी मात्र खरे काम आले. गुवाहाटीच्या एका चहा कंपनीला जाहिरातीसाठी पाच सेकंदांची चाल हवी होती. मामांना काहीतरी उत्तर देता येईल, म्हणून वानफ्रांगने अकरा चाली बांधल्या. मुद्रणाच्या दिवशी शाळेच्या वाटेवर दरड कोसळल्यामुळे शाळा बंद होती, तेव्हा त्याची नऊ वर्षांची मुलगी दाफिराही आमच्याबरोबर शिलाँगला आली. ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेर बाकावर बसून ती तांदळाची भाकरी खात होती.

कंपनीचा निपोन हा भला पण घाईतला माणूस होता. त्याने अकराही चाली ऐकल्या.

"दादा, छान आहेत. पण जरा पहाडी करा ना."

"मी पहाडातलाच आहे, बाबा."

"हो, पण आणखी पहाडी."

 वैतागून वानफ्रांगने माझी तिसरी तार पिळली आणि ती तपासायला सवयीने सात सुरांची एक छोटी चाल वाजवली.

"हेच! दादा, हेच पाहिजे! पुन्हा वाजवा."

वानफ्रांग इतका थकला होता की त्याने पुन्हा वाजवले. निपोनने दार उघडून बाहेर चहा सांगितला, आणि ते सात सूर मोठ्या कर्ण्यांवर लावले.

दाफिरा धावत आत आली. तोंडात भाकरीचा घास होता. "काय पा? बोलावलंस?"

"नाही गं. जा, बस."

निपोनने पुन्हा लावले. ती पुन्हा आली. "आता काय?"

तिसऱ्या वेळी ती दारातच उभी राहिली. "पा, हा कोण मला सारखा हाका मारतोय?"

 मित्रांनो, आमच्या गावात बाळ जन्मले की आई त्याच्यासाठी एक चाल बांधते. तिला शब्द नसतात. ती चाल हेच त्या मुलाचे नाव. रानात तोंडचे नाव उच्चारायचे नाही, भलतेच कोणी ऐकते. तिथे चालीनेच हाक मारायची. एकाची चाल दुसऱ्याला देत नाहीत. वानफ्रांगने नकळत आपल्या मुलीचे नाव विकायला काढले होते.

टेबलावर कागद तयार होता. सही झाली की चाल कंपनीची. परवानगीवाचून ती कोणी वाजवायची नाही, गायची नाही.

"माझ्या बायकोनंही नाही?" वानफ्रांगने विचारले.

"घरी कोण बघायला येतंय, दादा? पण कागदावर म्हणाल तर... नाही."

"मग नको. पुसून टाक."

"पाच सेकंदांची तर चाल! अहो, तुमचं नाव होईल."

"आणि हिचं जाईल."

"हिचं नाव दाफिरा ना? मघाशी तुम्हीच सांगितलंत."

"ते शाळेतलं."

निपोनने कपाळाला हात लावला. "आता साहेब मला सोलून काढणार." पण त्याने मुद्रण पुसले आणि पुसल्याचे दाखवलेही. त्या अकरा चालींतली एकही त्याने घेतली नाही. आम्ही सुमोच्या मागच्या बाकावर बसून परतलो.

घरी सगळे ऐकून थेइलिन म्हणाली, "पुन्हा तार तपासायला पोरीचं नाव घेतलंस तर तुलाच रानात सोडून येईन." मग तिने त्याला आधी जेवायला वाढले. मामांनी त्या रविवारी काही विचारले नाही. फक्त म्हणाले, "उद्यापासून तमालपत्र तोडायला चला."

तेव्हापासून वानफ्रांग तमालपत्राच्या बागेत पाने तोडतो. दाफिरा बागेत दूर गेली की थेइलिन उतारावरून सात सुरांची साद घालते, आणि दरीतून "ओ" येतो. ते ऐकले की मला बरे वाटते. पण फांद्या मोडून मोडून वानफ्रांगच्या बोटांना चिरा पडल्या आहेत. गेले तीन आठवडे त्याने मला खुंटीवरून काढलेले नाही.

मित्रांनो, जुनी वाद्ये सहसा आपल्याला पुसा, जपा अशी विनवणी करतात. माझे तसे काही म्हणणे नाही. माझे कातडे दोनदा बदलले, तारा तर कितीदा बदलल्या. वाजवणाऱ्याची बोटे बदलता येत नाहीत. जपायचे असेल तर ती जपा, आणि जरा लवकर जपा.