वाजवून पाहिलेली नळी

मी एक जुनी नळी आहे. प्लास्टिकची, बोटाएवढी, एका बाजूने बंद. माझा जन्म थुंकी साठवण्यासाठी झाला. हसलात ना? हसा मित्रांनो, मला सवय आहे. पण तेव्हा मी इतकी नाक वर करून असायची, की कुणी मला नुसती नळी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी बोललेच नसते.

बोलणार तरी कशाला? आमच्या कारखान्यात आम्हाला उघडा हात लावायची कुणाची टाप नव्हती. हातमोजे घातलेल्या बायका आम्हाला एकेक करून पिशवीत बंद करत. माझ्या टोपणात औषधी पाणी होतं. नळीत थुंकी भरायची, टोपण घट्ट आवळायचं, की ते पाणी खाली उतरून थुंकी टिकवणार. मग मी प्रयोगशाळेत जायचं. तिथली यंत्रं थुंकीतली जनुकं वाचणार, म्हणजे आईबापांकडून अंगात उतरलेला सगळा वारसा. खोकी भरणारी बाई खोक्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायची: 'तुमचं मूल किती हुशार निघेल? त्याचं मन पुढे आजारी पडेल का? आजच जाणून घ्या.' वाचून झालं की म्हणायची, "माझ्या सासूची एक नळी भरून घेतली पाहिजे." बाकीच्या हसायच्या. मला तो थिल्लरपणा मुळीच आवडायचा नाही.

मी ज्या घरी गेले तिथे पुढच्या खोलीत दुकान होतं. फुंकून वाजवायची वाद्यं तिथे दुरुस्तीला येत. क्लॅरिनेट, बासऱ्या, पोचे आलेले ट्रम्पेट. घरात माणसं चार. बाबा पितळेचे पोचे काढत. आई चाव्यांखालच्या फाटलेल्या गाद्या बदलायची. आईचा मोठा भाऊ, म्हणजे मामा, खिडकीशी बसून क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायच्या वेताच्या पट्ट्या तासायचा. पट्टी इतकी पातळ, की तिच्यातून उजेड दिसावा. आणि चौथी त्या घरची मुलगी. ती लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

पण मी आले तेव्हा भिंगरी थांबली होती. शाळेतून यायची, दप्तर ठेवायची आणि जिन्याच्या पायरीवर गप्प बसायची. काही विचारलं तर "काही नाही". मला मागवलं होतं ते एवढ्यासाठी.

मामा तरुणपणी मनाच्या आजाराने अंथरुणाला खिळला होता. ताप नाही, जखम नाही, पण माणूस उठेना, जेवेना, बोलेना. सगळ्यांना आधी तो आळस वाटला, मग नाटक वाटलं. डॉक्टरकडे न्यायला फार उशीर झाला आणि एकदा तर तो हातचा जाता जाता राहिला. पुढे औषधाने बरा झाला. अजूनही रोज गोळी घेतो आणि सगळ्यांत आधी कामाला बसतो. पण आईने ते दिवस डोळ्यांनी पाहिले होते. भिंगरी गप्प झाली आणि आईची जुनी भीती पुन्हा वर आली. पोरगी मामावर गेली की काय, ही एकच गोष्ट तिला जाणून घ्यायची होती. आणि तशी गेली असेल तर तिला मामाच्या खोलीपासून, त्या दुकानापासून, दूर कुठेतरी शिकायला ठेवायचं, असंही तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

बाबांना तिने सांगितलं होतं. ते म्हणाले, "हुशारीचंही कळतं म्हणतेस? मग नको. ती माझ्यावर गेलेली निघाली तर तू मला आयुष्यभर ऐकवशील." आई हसली नाही. तेव्हा ते पुन्हा पोचे काढायला लागले. मामाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं.

एका दुपारी मामा बाहेर गेलेला पाहून आईने खोकं उघडलं. भिंगरीला म्हणाली, "तब्येतीची एक तपासणी आहे. अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही." पोरगी पायरीवर जाऊन बसली. आईने मला पिशवीतून काढलं, कामाच्या टेबलावर उभं केलं आणि ती हात धुवायला आत गेली. हात तिने फार वेळ धुतले असावेत. घाबरलेल्या माणसाला अशी कामं पुरतात.

आता त्या घरची एक खोड सांगते. तिथे कुठलीही नळी दारातून आत आली, की आधी फुंकून बघायची. फट कुठे आहे, हवा कुठून निसटते, ते असंच कळतं. वर्षानुवर्षांची सवय. पेन उघडलं तरी टोपणात फुंकतील. बाबा दुसऱ्या खोलीतून आले, हातातला ट्रम्पेट खाली ठेवला आणि डोळे दुसरीकडेच असताना मला उचलून माझ्या तोंडावर फुंकर घातली. मी वाजले! मला कल्पनाच नव्हती की मी वाजते. बाबांनाही आपण काय केलं याची कल्पना नव्हती. मला ठेवून ते डिंक शोधायला निघून गेले.

मी रागाने लालबुंद झाले असते, पण मी पारदर्शक आहे. मनात म्हटलं, आता निदान आई येईल. तर आला मामा. पिशवी खुंटीला अडकवली, खुर्ची ओढली आणि समोर नवी नळी दिसल्यावर त्यानेही फुंकलं. मान तिरकी केली. परत फुंकलं. "जरा उतरी आहेस गं, सूर खाली राहतोय," असं मलाच म्हणाला, कानस घेतली आणि माझी कड घासायला लागला. थोडी घासायची, फुंकायचं, परत घासायची. ज्या मला त्या दुपारपर्यंत उघड्या हाताचा स्पर्श झाला नव्हता, तिची कड गेली, टोपणाचे आटे गेले, आणि आत मामाची थुंकी उडाली ती वेगळीच. शेवटी सूर जमला तेव्हा तो समाधानाने हसला.

आई टॉवेल घेऊन दारात उभी होती.

"दादा, काय केलंस हे?"

"सूर लावला. उतरी होती. कुठल्या वाद्याची आहे ही?"

आईची नजर खोक्याकडे गेली. मामाने टेबलावरचं खोकं पाहिलं, उचललं, त्यावरचं सगळं वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मग खोकं ठेवून त्याने हलक्या आवाजात विचारलं, "भिंगरीसाठी?"

"हो."

"माझ्यासारखी होईल म्हणून?"

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो त्या क्षणी आईच्या पाठीशी नाही, समोर येऊन उभा होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "हो," ती म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून लपवलं. पण मला फार भीती वाटते रे दादा. तुझ्या वेळेला आम्हाला काही कळलं नाही. या वेळेला आधी कळावं, एवढंच वाटलं."

मामा रागावेल असं मला वाटलं होतं. तो नाही रागावला. त्याने तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः टेबलाला टेकून उभा राहिला.

"मला विचारायचंस ना वेडे. माझ्या डॉक्टरीणबाईंना मी हे केव्हाच विचारून ठेवलंय. मलाही भाची आहे, मलाही झोप लागत नव्हती. त्या म्हणाल्या, मनाचा आजार काय, हुशारी काय, एका जनुकात बसलेली नसते. शेकडो, हजारो बारीक गोष्टी मिळून थोडं इकडे झुकवतात, थोडं तिकडे. त्यावरून एका पोरीचं भविष्य सांगता येत नाही. घरात कुणाला असेल तर धोका थोडा वाढतो, हे खरं. पण बहुतेक भाच्या ठणठणीत असतात."

"मग ती गप्प का असते?"

"ते थुंकीला कसं कळणार? तिला विचारलंस का?"

"विचारते की रोज. काही नाही म्हणते."

"काय झालंय असं घाबरून विचारलं तर तेच उत्तर मिळणार. मीही तेच द्यायचो."

इतक्यात आतल्या दारातून आवाज आला, "आई, अर्धा तास झाला का? मला भूक लागलीय."

भिंगरी उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. मामाने तिला जवळ बोलावलं, खिशातलं बिस्कीट दिलं आणि ती खात असताना सहज विचारावं तसं म्हणाला, "काय गं, पायरीवर बसून काय करतेस?"

"बघत असते."

"काय?"

तिने बिस्कीट हातात धरून आईकडे पाहिलं. मग मामाकडे. "मला सुरू झालंय का ते. मागे एकदा मी सकाळी उठतच नव्हते, तेव्हा आई बाबांना सांगत होती, मी तुझ्यावर गेलेय म्हणून. मी जिन्यावरून ऐकलं. सकाळी उठावंसं वाटत नाही ना, तेव्हा मला वाटतं, झालं सुरू."

बाबा डिंकाची बाटली घेऊन दारातच थबकले. मामा आधी हसला आणि मग त्याचे डोळे भरले. "अगं, सकाळी उठावंसं तुझ्या बाबांनाही वाटत नाही. त्याला आजार नाही म्हणत, लोळणं म्हणतात."

"दादा, मला कशाला मध्ये घेता?" बाबा म्हणाले.

आणि भिंगरी फिसकन हसली. बिस्किटाचा चुरा माझ्यावर उडाला. मित्रांनो, आईचा जीव भांड्यात पडला तो मी डोळ्यांनी पाहिला. तिने पोरीला कुशीत ओढलं आणि म्हणाली, "चुकलं माझं. तुझ्याविषयी बोलले, तुझ्याशी बोलले नाही."

मामाने मग तिला सगळं खरं सांगितलं. आजार म्हणजे काय, त्याला तेव्हा कसं जड वाटायचं, गोळीने काय होतं. पुढे एकदा ते सगळे डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आले. त्या भिंगरीशी बराच वेळ बोलल्या आणि म्हणाल्या, हा आजार दिसत नाही, ही धास्ती आहे. तरी लक्ष असू द्या आणि वाटेल तेव्हा या. पण त्या दुपारी मामाने एक केलं. माझ्या गळ्यात दोरी बांधली, टेबलाशेजारच्या खुंटीला मला लटकवलं आणि म्हणाला, "कुणाला जड वाटलं, की ही वाजवायची. ऐकेल त्याने हातातलं काम टाकून यायचं."

"आणि काय झालं ते सांगायला लागेल?" भिंगरीने विचारलं.

"लगेच नाही. आधी नुसतं शेजारी बसायचं."

तेव्हापासून मी नोकरीला आहे. भिंगरीने मला परीक्षेच्या आधी वाजवलं, मैत्रीण बोलायची बंद झाली तेव्हा वाजवलं. मामाने एका हिवाळ्यात लागोपाठ बरेच दिवस वाजवलं. सगळे येऊन बसले, त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, गोळी बदलली आणि तो सावरला. बाबांनी एकदा चहा हवा म्हणून वाजवलं आणि सगळ्यांची बोलणी खाल्ली. भिंगरी पुन्हा घरभर फिरू लागली, आरडाओरडा करू लागली. हुशार निघाली का? गणितात बेताची, पण सुराला तिचा कान मामापेक्षाही तिखट आहे. असल्या कानाचं माझ्या खोक्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मग अशी वर्षं आली की मला कुणी हातच लावेना. अंगावर धूळ बसली. मी फुरंगटले. म्हटलं, झाली आपली किंमत, गरज सरो वैद्य मरो. एकदा फडकं फिरवताना आई माझ्यापाशी थांबली, मला पुसलं आणि बाबांना म्हणाली, "बऱ्याच दिवसांत वाजली नाही हो ही." असं म्हणताना तिचा चेहरा इतका निवांत होता, की माझा रुसवा तिथेच गळून पडला.

परवा मात्र मी वाजले. वाजवलं आईने.

भिंगरी आता मोठी झाली आहे. वाद्यं घडवायचं शिकायला ती दूरच्या गावी निघाली होती. वरच्या खोलीत सामान भरत होती. आई दुकानात आली, मला उचललं, थोडा वेळ नुसती हातात धरून उभी राहिली आणि मग तिने फुंकलं. इतक्या वर्षांत तिने एकदाही मला वाजवलं नव्हतं. भिंगरी एका पायात बूट, एका हातात बूट अशी धावत खाली आली. मामा पट्टी टाकून उठला. बाबा डिंकाचे हात तसेच घेऊन आले. सगळे आईशेजारी बसले. कुणी काही विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "ही घेऊन जा गं तू बरोबर. तिकडे एकटी असशील. जड वाटलं तर?"

भिंगरीने मला आईच्या हातातून घेतलं, सूर तपासल्यासारखं एकदा हळूच फुंकलं आणि परत खुंटीला लावलं.

"इथेच असू दे. तुम्हाला लागेल," ती म्हणाली. "मला जड वाटलं तर मी सांगेन, आई. मला सांगता येतं."

आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग जा. दुसरा बूट घाल आधी."

मित्रांनो, माझ्यात थुंकी भरून मी प्रयोगशाळेत गेले असते, तर भिंगरीबद्दल एवढं कळलं असतं का? मला नाही वाटत. आता मी खुंटीवर निवांत आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर ती वाजत नाही म्हणून फेकून देऊ नका. तिच्यावर धूळ बसली तर खुशाल बसू द्या. तोंड मात्र मोकळं ठेवा.