लट्टू आला की वाजायचा तो तुकडा

शुक्रवारी तीनच्या खेळाला पब्लिक हसलं, आणि नको तिथे हसलं.

पिक्चर आमच्या लट्टूचा. खरं नाव गुलाम साबिर. गुजरांवालाचा हा न्हावी गिऱ्हाइकांच्या नकला करता करता लाहोरच्या स्टुडिओत शिरला आणि पंधरा वर्षं नायकाचा बावळट दोस्त होऊन राहिला. शे-सव्वाशे उर्दू पिक्चरांत कुणी त्याला हौदात पाडलं, कुणी गाढवावर उलटं बसवलं. यंदा, अडुसष्ट साली, त्याने पहिल्यांदाच दिग्दर्शन केलं आणि स्वतःला बापाची भूमिका दिली. सुरुवातीला हसवायचं भरपूर. शेवटी मुलीची पाठवणी. बाप अंगणात येतो, एक शब्द बोलत नाही, मुलीच्या डोक्यावर हात ठेवतो आणि डोलीपर्यंत चालत जातो. एवढ्या चालण्यासाठी त्याने अख्खा पिक्चर काढला होता.

मी त्याचा संकलक, तुफैल. तीन महिने माझ्या खोलीत बसून त्याने माझं डोकं खाल्लं. लोक आपल्याला बघून एकदा तरी रडले पाहिजेत, नाहीतर आपल्या मय्यतीलाही हसत येतील, हे त्याचं रोजचं पालुपद.

स्वतःचं काम पहिल्यांदा लोकांबरोबर बघणं मला झेपत नाही. पाठवणी जवळ आली तसा मी दार ढकलून बाहेर सटकलो. दारावरचा रहमत आतल्या बाजूला पाठ करून चहा पीत होता. मध्येच त्याच्या मिशा हलल्या.

"लट्टू आला," तो म्हणाला आणि हसला.

पाठोपाठ आत सगळं थिएटर खो खो हसलं. शिट्ट्या वाजल्या.

खेळ सुटल्यावर मॅनेजरच्या खोलीत वितरक शेख मंजूर टेबलावर बोटं वाजवत बसले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पाठवणी कापा, त्या जागी विनोदी गाणं टाका, पिक्चर पंचवीस आठवडे चालेल. लट्टू त्यांच्याशी भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो नुसता मान हलवत होता.

"काप तुफैल," तो मला म्हणाला. "माझं थोबाडच असं आहे. त्याला कोण काय करणार?"

कात्री आणायला मी उठलो, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. रहमतची पाठ होती पडद्याकडे. थोबाड त्याने बघितलंच कुठे?

प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये शेवटचं रीळ पुन्हा लावायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. बाप अंगणात येतो तिथे, सारंग्यांच्या मागे, क्लॅरिनेटचा तो टुरटुर तुकडा. पंधरा वर्षं प्रत्येक पिक्चरमध्ये लट्टूच्या एंट्रीला वाजणारा. अल्लादित्ता वाजवायचा तो. रेकॉर्डिंगच्या दिवशीही त्याला पडद्यावर लट्टू दिसला आणि सवयीने ओठ वाद्याला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी थांबवलंही नाही. संगीतकाराला ते खटकलं नाही, लट्टूला खटकलं नाही, आणि सगळे आवाज एकत्र करायला बसलेला शहाणा मी, मलाही नाही. घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, तसं झालं होतं आमचं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

खाली येऊन सगळं सांगितलं आणि तेवढा तुकडा शाईने बुजवतो म्हणालो. शेखसाहेबांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

"सहाचा खेळ तुला दिला," ते म्हणाले. "पुन्हा हसले, तर उद्या तो सीन माझ्या पिक्चरमध्ये दिसता कामा नये."

लट्टूचा विश्वास बसला नव्हता. उरलेली शाई माझ्या तोंडाला फास, म्हणाला.

फिल्मच्या पट्टीच्या कडेला आवाजाची रेघ असते. ती काळी केली की आवाज मेला. वीस सेकंदं, म्हणजे तीस फूट. बारीक ब्रश आणि काळी शाई घेऊन मी बसलो. सारंग्याही त्याच रेघेत होत्या, त्याही गेल्या. इलाज नव्हता. तीस फूट सुकेपर्यंत पंख्याखाली धरले आणि रीळ परत दिलं तेव्हा खाली पिक्चर मध्यंतराच्या पुढे गेला होता.

शेवटच्या रांगेत लट्टूशेजारी जाऊन बसलो. थिएटर गच्च. पाठवणी आली. बाप अंगणात आला.

काही नाही. ना क्लॅरिनेट, ना सारंगी, ना हसू. बाप चालतोय आणि हजारभर माणसं गप्प.

लट्टूने माझं मनगट धरलं.

"बुडालो, तुफैल," तो कुजबुजला. "कुणीच हसत नाहीये."

बिचारा. पंधरा वर्षं थिएटर गप्प झालं की विनोद पडला, असंच त्याचं गणित होतं. शांततेचा दुसरा काही अर्थ असतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"अरे, हसायचं आहे का यात?" मी म्हणालो. "नीट ऐक ना."

पुढे कुणीतरी नाक ओढलं. मग बायकांच्या बाजूने एक हुंदका आला, आणि मग इतके आले की मोजायची सोय राहिली नाही. मी मागे टेकलो. लट्टू आधी ऐकत राहिला, मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तर हा गडी हसत होता. तोंडावर हात दाबला तरी आवाज फुटतच होता.

पुढच्या रांगेतला पगडीवाला दांडगा माणूस ओल्या डोळ्यांनी गर्रकन मागे वळला. अंधारात त्याला कोण दिसणार.

"लाज नाही वाटत?" तो लट्टूवर खेकसला. "त्या बापाचं काळीज तुटतंय आणि तुला हसू सुचतंय?"

"चुकलं भाईसाहेब," लट्टू म्हणाला. "पुन्हा नाही हसणार."