कॅमेऱ्याशेजारचं स्टूल

गेर्डा आणि आक्सेल या नवरा-बायकोने कोपनहेगनच्या रंगमंचावर दोन हंगाम एकमेकांशी कडाकडा भांडून दाखवलं, आणि लोकांनी ते तिकीट काढून पाहिलं. नाटक मोडायला आलेल्या संसाराचं होतं. आता त्याचाच सिनेमा होत होता, गावाबाहेरच्या स्टुडिओत, तेच दोघे, तीच वाक्यं. घरीही साधारण तेच चालायचं, फक्त टाळ्या नसायच्या.

नाटकात एक बरं होतं. कितीही बिनसलेलं असो, पडदा वर गेला की आक्सेलला तिच्याकडे बघावंच लागे. सिनेमात तसं नव्हतं. एकाचा चेहरा जवळून घेताना दुसरा चित्रात नसतोच. त्याने कॅमेऱ्याशेजारच्या स्टुलावर बसून आपली वाक्यं म्हणायची, म्हणजे समोरच्याला बोलायला माणूस मिळतो. पण याची सक्ती नव्हती. आक्सेलचा चेहरा असला की गेर्डा स्टुलावर हजर. गेर्डाचा असला की आक्सेल कॅन्टीनमध्ये हजर! मग त्याची वाक्यं इडाबाई वाचायच्या. इडाबाईंचं खरं काम म्हणजे मागच्या शॉटमध्ये सिगारेट कुठल्या हातात होती ते लक्षात ठेवणं. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य त्या ‘घरातले बटाटे संपलेत’ अशा सुरात वाचत.

शेवटच्या प्रवेशाच्या दिवशी सकाळी गेर्डाने कॉफी ओतता ओतता विचारलं, “आज माझ्या वेळी थांबशील?”

“इडा आहे की.”

“इडाशी लग्न नाही केलंय मी.”

“सुटली बिचारी,” आक्सेल वर्तमानपत्राआडून म्हणाला.

गेर्डा हसली. हसायची सवयच होती. पण तिने मनाशी ठरवून टाकलं: आज हा स्टुलावर बसला तर याच्याबरोबर राहायचं, नाही बसला तर सोडून जायचं. एखाद्याला न सांगता त्याची परीक्षा घेणं काही बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण तोंडावर विचारायची तिची हिंमत कधीच संपली होती.

दुपारी आधी आक्सेलचा चेहरा झाला. मग दिवे हलवले, कॅमेरा फिरवला. आक्सेल उठला, कोट झटकला, दाराकडे दोन पावलं गेला आणि वळून चक्क स्टुलावर येऊन बसला.

“थांबलोय बघ. खूश?”

“खूश,” गेर्डा म्हणाली, आणि ती खरंच होती.

पहिला शॉट झाल्यावर दिग्दर्शक थोर्किल म्हणाला, “गेर्डा, छान. पण गॅलरीतल्या लोकांना ऐकवायचं नाहीये. मी इथेच उभा आहे.”

पुढच्या वेळी आक्सेलने भुवई उचलली, तशी तिने वाक्याच्या मधेच आवाज बदलला. त्याच्या पुढच्या वेळी त्याने घड्याळाकडे पाहिलं, तर तिने घाई केली. मग तो जरासा हसला.

“थांबा, थांबा! गेर्डा, तुम्ही नवऱ्याला सोडून जाताय. हसलात कशाला?”

“मी? मी हसले?”

“ती तशी हसतेच,” आक्सेल म्हणाला.

थोर्किलने पाइप तोंडातून काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. “आक्सेल, रागावू नका. तुम्ही जरा कॉफी घेऊन या.”

“अहो, मी तिच्यासाठी बसलोय!”

“तेच तर. त्या तुमच्याकडे बघतात.”

“मग काय भिंतीकडे बघायचं तिने?”

आक्सेल दार आपटून गेला. दार मात्र सेटचं होतं, त्यामुळे आवाज फुसकाच झाला.

इडाबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं आणि स्टुलावर बूड टेकलं. “आधीच सांगते, मला अभिनय येत नाही.”

“करूच नका,” गेर्डा म्हणाली.

कॅमेरा सुरू झाला.

“मी गेले तर तुला काय वाटेल?”

“तू जाणार नाहीस,” इडाबाईंनी वाचलं. बटाटे संपले.

समोर सांभाळायला कुणाचाच चेहरा नव्हता. इतकी वर्षं गेर्डाचा चेहरा नुसता धावपळ करत होता, याला काय हवं, याला काय खुपलं. आता त्याला कामच उरलं नाही. तो स्वस्थ झाला.

“जाणार आहे,” ती हळूच म्हणाली.

वर मचाणावर दिवेवाला सँडविच चावायचा थांबला. थोर्किलने कॅमेरा थांबवायची खूण केली. मग म्हणाला, “झालं. पुन्हा नको.”

कॅन्टीनमध्ये आक्सेल काळ्या पावावर मुरवलेला हेरिंग मासा खात बसला होता.

“मग? किती वेळा?”

“एकदाच.”

“माझ्याशिवाय?”

“तुझ्याशिवाय.”

“वा! म्हणजे पुढच्या वेळी मी मोकळा.”

गेर्डा त्याच्यासमोर बसली. तिच्या परीक्षेत तो पास झाला होता बिचारा. स्टुलावर बसला होता, अगदी न कुरकुरता. त्याचा काही दोष काढण्यासारखा नव्हता.

“आक्सेल, मी ऑर्हुसला ताईकडे चाललेय. राहायला.”

“नाताळापर्यंत येशील ना?”

“नाही. राहायला म्हटलं मी.”

तो हसला. “ऑर्हुसची ताई आपल्या नाटकात नाहीये.”

“नाहीये.”

आक्सेल काटा हातात धरून थांबला, जणू पुढचं वाक्य कुणीतरी आडून सांगेल. कुणी सांगितलं नाही. गेर्डाने त्याच्या ताटलीतला काकडीचा एक काप उचलून खाल्ला आणि ती मेकअप पुसायला गेली.