आमच्या थिएटरातले जावईबापू

मी बोलतोय, शस्त्रक्रियेचा रोबो. घाबरू नका. हात चार असले तरी माझ्या मनाने एकही हलत नाही. आमचे सर्जन, म्हणजे सर, कोपऱ्यातल्या पडद्यात डोळे घालून बसतात. त्यांची बोटं हलली की रुग्णाच्या पोटात माझे हात हलतात.

मी या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आलो तेव्हा ऑपरेशन थिएटरचं दार चौकटीसकट काढावं लागलं. मग वेगळा एसी, वेगळी वायरिंग, वर कुणी बोट लावायचं नाही. मोठ्या सिस्टरांनी लगेच माझं नाव ठेवलं, 'जावईबापू'. चार महिने सर रबराच्या तुकड्यांना टाके घालत होते. सराव उत्तम झाला, असं सगळे म्हणाले. मला मात्र धाकधूक होती, कारण रबराला रक्त येत नाही.

पहिले रुग्ण चित्रकलेचे शिक्षक होते. मूत्रपिंडावर गाठ. त्यांच्या मुलीने सरांना दारातच अडवलं.

"डॉक्टर, हात तुमचेच असणार ना?"

"माझेच गं. फक्त जरा लांबून."

सर ऑपरेशन करताना कधी बोलत नसत. नुसता तळहात पसरायचे आणि सिस्टर नेमकं हत्यार त्यावर ठेवायच्या. बावीस वर्षं असंच चाललेलं. विद्यार्थ्यांना त्याचं भारी कौतुक.

तासभर सगळं सुरळीत झालं. गाठ सुटत आली आणि एक रक्तवाहिनी फुटली. पडदा लाल झाला. सरांनी उजवा हात मला चालवायच्या मुठीवरून काढला आणि सवयीने बाजूला पसरला. वाहिनी चिमटून बंद करायला क्लिप हवी होती. ती माझ्या हातात बसवायची होती सिस्टरांनी, आणि त्या दहा पावलांवर रुग्णाजवळ उभ्या. त्या सरांच्या शब्दाची वाट बघत होत्या, सर त्यांच्या क्लिपची. मागच्या विद्यार्थ्यांना तो रिकामा हात दिसत होता, पण सरांसमोर तोंड उघडायची कुणाची प्राज्ञा? माझा जीव टांगणीला लागला. रक्त वाढत होतं.

अखेर सिस्टरांनी मान वर केली.

"सर, तोंडाने सांगा! तुमचा हात मला इथून कसा दिसणार?"

इतक्या वर्षांत त्या सरांवर पहिल्यांदाच ओरडल्या होत्या.

"क्लिप," सर म्हणाले. पसरलेला हात त्यांनी परत मुठीवर नेला. "क्लिप द्या, सिस्टर. लवकर."

क्लिप बसली. रक्त थांबलं. चौथ्या दिवशी शिक्षक मुलीचा हात धरून वॉर्डात चालले.

त्याआधीच सरांनी सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. "चूक माझी होती. यापुढे मी मोठ्याने मागेन, सिस्टर मोठ्याने उत्तर देतील. आणि ज्याला काही दिसेल त्याने ओरडायचं, अगदी काल आलेल्या विद्यार्थ्यानेसुद्धा." आता रोज तो सराव चालतो. पाठांतर म्हणणाऱ्या पोरासारखे सर लाजतात.

उद्या सकाळी दुसरी रुग्ण आहे, दोन लेकरांची आई. माझी भीती गेलेली नाही. माझ्याभोवती उभे राहणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो, काही चुकतंय असं वाटलं तर माना खाली घालू नका, बोला. मला सगळं दिसतं हो, पण सांगता येत नाही.