बांगडीच्या मापाचा गोल

काचेची हिरवी बांगडी, कनवटीला बांधलेली, वाकलं की पोटाला टोचत होती — टोचू दे, चांगुणाबाई मनाशी म्हणाली आणि पुन्हा दगडावर ब्रश फिरवू लागली. सायलीला, तिच्या नातीला, पहिला मुलगा झाला त्या साली, म्हणजे शहाण्णवला, भिंगारच्या चर्चची खचलेली फरशी उकलली आणि खाली निजामशाहीतली कोरीव जमीन निघाली, दगडादगडावर एकेक कमळ. चर्च झाडण्यात तिचा उभा जन्म गेलेला. म्हणून धूळ काढायचं काम तिच्याकडेच आलं.

"आजी, हे बघा!" जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्यातले राधाकृष्ण साहेब गुडघ्यांवर बसले होते. "सगळ्यांत शाबूत हेच. उद्या ह्याचाच छाप घेऊ. चारशे वर्षांपूर्वीचा हात आहे हा!"

तिनं मान खाली घातली. कसली चारशे... पस्तीस.

पस्तीस वर्षांपूर्वी वरची फरशी बसवताना तिच्या नवऱ्याच्या, रंभाजीच्या, हातून पहार निसटली आणि एक कमळ फुटलं. पाळकसाहेबांना कळलंही नाही. पण तो घरी आला, ताटावर बसला नाही, नुसता म्हणाला, "चांगुणे, तुझी बांगडी दे. मधला गोल तेवढाच हुता." मग आठ दिवस दारात नव्या दगडावर छिन्नी वाजत होती.

"वरून फरशीच बसायची न्हवं? कोन बघनार हाय?"

"ज्यानं पैलं केलं, त्यो."

बांगडी त्याच्या हत्यारांच्या पिशवीतच राहिली. म्हणून तर पुढं बायांनी तिच्या हातातल्या फोडल्या तेव्हा ही वाचली...

सांगितलं तर? साहेब भला माणूस, पण नवा दगड म्हणून उचलून बाहेर ठेवतील — रंभाजीनं जन्मात कोरलेलं एकच फूल. आणि गप्प राहिलं तर ते कागदावर दुसऱ्याच्या नावावर जाईल, आणि मोडलं होतं ते कधी मोडलंच नव्हतं, असं होईल... पण मोडलं होतं. त्यापायी त्याला घास गिळवला नव्हता.

तिनं कनवटी सोडली. बांगडी कमळाच्या मधल्या गोलावर ठेवली. केसभरही फट राहिली नाही.

साहेबांची पेन्सिल थांबली. "हे काय, आजी? कुणाची ही?"

"माजी," ती म्हणाली. पुढचं, रंभाजीचं नाव, अगदी ओठांशी आलं होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं भय वाटत नव्हतं. तळहाताखाली दगड गार होता — ओळखीचा गार, ताटावर न बसलेल्या माणसाच्या हातासारखा.

तिचा नवरा रंभाजी पाथरवट एक्याऐंशी साली, होळीच्या दुसऱ्या दिवशी वारला.